प्रियूनं काढलेली शिंगं

फुलेवाडी, कोल्हापूर
१२ जुलै २०२५

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी सांगितलं की बेंदराच्या सणाहून येताना गाडी वेळेवर आली, तर तुम्ही विचारलंत, कोण वर गेली? तुमचं कानाचं मशीन डब्यात आणि डबा कपाटात. म्हणून पप्पांनी जाहीर केलंय की यापुढं आबांशी बोलायचं ते पत्रानं. मम्मीनं मला लिहिताना ‘मी आले’ असं लिहायला लावलंय. बोलताना मी ‘आलो’च म्हणणार.

आठवीत मी आणि मोना परत एका बाकावर आहोत. मोना म्हणजे गेल्या वर्षी कोडोलीला येऊन जिनं तुमच्या म्हशीला नमस्कार केलता ती. यंदा वर्गात एक नवीन मुलगी आलीय, दानेश्वरी. तिच्या वडिलांनी गडहिंग्लजकडनं येऊन इथं मार्केट यार्डात गुळाचं दुकान टाकलंय. ती वडिलांना अप्पा म्हणते, आईला अव्वा म्हणते आणि बोलताना कानडी हेल काढते. पहिल्याच आठवड्यात ती डबा विसरली. तिचे अप्पा कपाळाला विभूती लावून डबा घेऊन आले आणि फाटकातनं केवढ्यांदा ओरडले, दानव्वा, ए दानव्वा! झालं. आमच्या वर्गातल्या राजवीरनं त्याचं शेपूट तिथल्या तिथं कापून टाकलं. आता तिला सगळे दानव म्हणतात.

पण खरी गंमत मी केली. शाळेत झाडं लावायचा कार्यक्रम होता, त्याचा फोटो मॅडमनी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्यात दानेश्वरीचं तोंड हे एवढं उघडं आलंय. मी तेवढंच कापून घेतलं आणि डोक्यावर दोन शिंगं काढली. बेंदराला आपल्या सर्जा बैलाची रंगवली तसलीच, टोकाला बेगड लावलेली! त्याचा स्टिकर केला. स्टिकर म्हणजे फोनमधलं टिकलीएवढं चित्र, बोलण्याऐवजी ते पाठवायचं. गणिताचा पेपर आला, दानव. कुणी रागावलं, दानव. दहावीच्या मुलांपर्यंत पोचलाय. आमच्या चित्रकलेच्या सरांनी मला कधी बरं म्हटलेलं नाही, पण आता मधल्या सुट्टीत मोठी मुलं येऊन विचारतात, प्रियू कोण गं?

आक्कांना माझा नमस्कार सांगा. उत्तर लगेच द्या आणि मोठ्या अक्षरात द्या, बोलता तसंच.

तुमची सगळ्यात गुणी (दुसरी नात नाही म्हणून)
प्रियू


कोडोली
१९ जुलै

चि. प्रियदर्शनी हिस आकाराम आबाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. पोस्टमन म्हणाला, आबा, वाचून दावू काय? त्याला म्हटलं, कान गेल्यात बाबा, डोळं हायत की. दोनदा वाचलं. आक्काला एकदा वाचून दावलं. माझा आवाज गल्लीभर गेला, त्यामुळं तुझं पत्र आता सगळ्या गल्लीला म्हाईत हाय. माझी थोरली भन ही, ऐंशी पार झाली तरी मला अजून दम देती. म्हणाली, हळू वाच की रं, मी काय भैरी हाय काय.

टोपणनावाचं म्हणशील तर कोडोलीत टोपणनाव नसलेला माणूस शोधून दाव. मला सगळी भोंगा म्हणत्यात, ते बी माझ्याम्होरं. हंबीरराव उभ्या जन्मात कुठं वेळंवर आला न्हाय, म्हणून त्याला एक्स्प्रेस. त्यात वाईट वाटायचं काय न्हाय. नाव पडलं म्हंजी माणूस गावात मुरला.

तुझं ते स्टिकर मातुर काय उमगलं न्हाय. टिकली कपाळाला लावत्यात, फोनला कशापायी? पर तुझा हात चित्राला चांगला हाय हे मी बेंदरालाच बघितलं. तवा एक कर. ते चित्र कागदावर छापून घे आणि पाठव. मूळ फोटो बी धाड, म्हंजी कुठं काय काढलंस ते कळंल. हसायला आमाला बी पायजे की.

म्हैस व्याली, रेडी झालीया. नाव सुचव. मोना नगं, ती पोरगी नमस्कार घालणारी हाय.

उदयसिंहाला आणि सूनबाईला आशीर्वाद. तुझ्यावर माया हायच, ती वेगळी काय लिवू.

आबा


फुलेवाडी
२६ जुलै

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, सोमवारी चाचणी आहे. सोबत दोन कागद आहेत, एक मूळ फोटो आणि एक माझी कलाकृती. शाळेसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांनी रंगीत काढून दिलं आणि चित्र बघून स्वतःच हसले, म्हणून वर दोन प्रती फुकट दिल्या. त्या मोनानं आणि राजवीरनं घेतल्या. रेडीचं नाव राणी ठेवा.

हसून पोट दुखलं तर मला दोष देऊ नका.

तुमची कलाकार
प्रियू


कोडोली
२ ऑगस्ट

चि. प्रियदर्शनी हिस आबाचे आशीर्वाद.

राणी नाव बसलं. आक्का तिला अगं राणीसरकार म्हणती.

तुझं पाकीट आलं. हसायच्या तयारीनं बसलो, चष्मा पुसला. शिंगं झकास काढलीयास, खोटं का बोलू. पर हसू काय ईना. म्हटलं आपलंच कायतरी चुकालंय, म्हणून आक्काला दावलं. तिनं कागद लांब धरला, जवळ धरला आणि इचारलं, ह्या लेकराला काय हुतंय रं? मी म्हटलं, विनोद हाय. तर म्हणाली, कुणाचा?

मग मूळ फोटो बघितला. तुम्ही सगळी एकमेकाच्या गळ्यात हात घालून हुभी. दात काढालायसा. ती पोर एकदम कडंला, तुमच्यापासनं हातभर लांब, पळत आल्यागत. तोंड उघडं हाय ते जांभईनं न्हाय. ती कायतरी म्हणालीया. काय म्हणालीया?

सर्जाला शिंगं हायत म्हणून आपण रंगवतो. त्या पोरीला न्हाईत.

दुसरं एक इचारतो. मला भोंगा म्हटलं की मी काय रं म्हणतो. एक्स्प्रेस म्हटलं की हंबीरराव मान वळवतो. दानव अशी हाक मारल्यावर ती पोर ओ देती का?

मी म्हातारा माणूस, जुन्या सातवीपतूर शिकल्याला. तवा मला हा विनोद नीट फोडून सांग, कुठं हसायचं ते. रागावलो न्हाय. आमच्या प्रियूनं केलाय म्हणल्यावर तो कळायला पायजे, एवढंच.

माया कमी झाली न्हाय, भ्यायाचं कारण न्हाय.

आबा


फुलेवाडी
९ ऑगस्ट

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मला राग आला. चार दिवस उत्तरच लिहिलं नाही. विनोद असा फोडून सांगायचा नसतो, त्याचा चुरा होतो. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

तिला घरात दानव्वा म्हणतात. त्यातून होतो दानव. दानव म्हणजे राक्षस. आता ती राक्षसासारखी आहे का, तर नाही, ती वर्गात सगळ्यात बारीक आहे. वाचताना तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत येत नाही. म्हणून तर तिला दानव म्हणायचं, यात गंमत आहे. म्हणजे मला वाटलं होतं की यात आहे. लिहिल्यावर ती कुठं गेली ते कळत नाही.

आता तोंडाचं. रोपं लावून झाल्यावर मॅडमनी तिला झारी ठेवून यायला सांगितलं. तेवढ्यात फोटो काढायचं ठरलं आणि आम्ही सगळे गोळा झालो. ती लांबनं पळत येत होती आणि ओरडत होती, थांबा, मी पण हाय. आबा, मला ते ऐकू आलं होतं. मोनाला पण आलं असणार, ती माझ्या शेजारी होती. थांबा असं कुणीच म्हणालं नाही. तेच तोंड मी कापून घेतलं.

यात हसायचं कुठं ते मला सापडत नाही. सापडलं तर कळवीन.

दानव म्हटल्यावर ती ओ देत नाही. हल्ली दानेश्वरी म्हटलं तरी देत नव्हती.

आणि अजून एक झालंय. तुम्हाला पाठवलेल्या कागदाच्या फुकट प्रती होत्या ना, त्यातली एक राजवीरनं शाळा सुटताना फाटकाजवळच्या फलकावर लावली. सगळे बघत उभे होते. मी पण होते. तेवढ्यात तिचे अप्पा तिला न्यायला आले. त्यांनी चित्र बघितलं. कुणावर ओरडले नाहीत. टाचण्या एकेक करून काढल्या, कागदाची घडी करून खिशात ठेवली, तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवलं आणि गाडीला किक मारली. ती मागं बसली, पण तिनं त्यांना धरलं नव्हतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती.

त्या दिवसापासनं ती शाळेत आलेली नाही. मी मम्मीला सांगितलेलं नाही. तुम्ही पण सांगू नका. किंवा सांगा. मला काय ते ठरवता येईना.

प्रियू


फुलेवाडी
१४ ऑगस्ट

ती. मामंजींस,
संयोगिताचा सा. न. वि. वि.

आपल्या नातीनं आपल्याला सगळं लिहिल्याचं तिनंच सांगितलं. परवा मी भाकरी थापत असताना शेजारी येऊन उभी राहिली. नेहमी ही बया स्वयंपाकघरात आली की काहीतरी खायला शोधत असते. या वेळी काही शोधेना, तेव्हाच मी ओळखलं. तिनं सांगायला सुरुवात केली ती थांबेचना. माझी एक भाकरी करपली, दुसरी करपली, तिसरीला मी गॅसच बंद केला.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन शाळेत गेले. वर्गशिक्षिका निंबाळकर मॅडम बिचाऱ्या आधीच वैतागलेल्या. राजवीरच्या आईवडिलांना बोलावणं गेलं होतं, कारण चित्र त्यानं लावलं. काढलं कुणी ते कुणीच सांगितलं नव्हतं. आपल्या पोरीनं मान खाली घालून सांगितलं की मी काढलं. मला लाज वाटली आणि त्याच वेळी जरा बरंही वाटलं, हे आपल्याशिवाय कुणाला लिहू? मॅडमनी सगळ्या मुलांना ते स्टिकर काढून टाकायला लावलं आणि वर्गाचा ग्रुप बंद केला. संध्याकाळपर्यंत मुलांनी दुसरा ग्रुप काढला. त्यावर पहिलं काय आलं असेल ते आपण ओळखालच.

आपले चिरंजीव म्हणतात, पोरं हायत, चालायचंच, आमच्या वेळी काय कमी झालं? मी म्हटलं, आपण तिघांनी त्यांच्या घरी जाऊन येऊ. तर म्हणाले, उगाच वाढवू नकोस, चार दिवसांत विसरतील. माझं ऐकत नाहीत. आपल्या दोन ओळी आल्या तर बरं होईल. त्या मोठ्या अक्षरात असाव्यात.

आक्कांना नमस्कार. आपला हात आम्हां सगळ्यांच्या डोक्यावर राहू द्यावा.

आपली
संयोगिता


कोडोली
१८ ऑगस्ट

चि. उदयसिंहास आशीर्वाद.

चालायचंच म्हणतोस म्हणं. कुणाचं चालायचं? त्या पोरीचं शाळंला चालणं बंद झालंय. तुझ्या पोरीचं कुणी असलं चित्र लावलं असतं तर तू फौंड्रीतली पाळी सोडून शाळंवर चढला असतास, हे मी तुला जन्मल्यापासनं वळकतो म्हणून लिवतोय.

तिघं जावा. रिकाम्या हातानं जावा. पेढं घेऊन गेलास तर बघ, चुकीवर पेढं ठेवायचं नसत्यात. तिथं तू बोलायचं न्हाय, पोरीला बोलू द्यायचं. त्यांनी आत न्हाय घेतलं तर दारातनं माघारी यायचं आणि मनाला लावून घ्यायचं न्हाय.

चित्र छापून घे म्हणणारा मी. त्यात माझा बी वाटा हाय. त्याचं माझं मी बघतो.

सूनबाईला म्हणावं, दोन वळी मागितल्यात्या, जरा जास्त झाल्या.

आबा


फुलेवाडी
८ सप्टेंबर

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

गणपती गेले, आता सविस्तर लिहिते.

आम्ही गेलो होतो. दार तिच्या अप्पांनी उघडलं. विरूपाक्ष त्यांचं नाव. त्यांनी मला ओळखलं, त्या दिवशी मी फलकाजवळ उभी होते ना. मग म्हणाले, दारात आलेल्याला आमच्यात परत पाठवत न्हाईत, या. घरात सगळीकडं गुळाचा वास होता. दानेश्वरी आतल्या खोलीत होती, बाहेर आलीच नाही. मी काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, ते सगळं रिक्षातच राहिलं. दाराकडं तोंड करून एवढंच म्हणाले, की तू थांबा म्हणालीस ते मी ऐकलं होतं. शिंगं पण मीच काढली. माझं चुकलं.

आतनं ती म्हणाली, मग?

एवढंच. आबा, मला त्या ‘मग’चं उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही.

तिची आजी, बसव्वा नाव, त्यांना मराठी थोडंच येतं. त्यांनी गुळाचा चहा दिला आणि पप्पांना कानडीतनं काहीतरी विचारलं. पप्पांना वाटलं चहाचं विचारतायत, म्हणून ते मोठ्यानं हो हो म्हणाले. आजी एकदम कावऱ्याबावऱ्या झाल्या. तिच्या अप्पांनी सांगितलं, ती विचारतीय, या पोरीला घरी मारलासा का? पप्पांचा चेहरा बघायला हवा होता. मग सगळेच थोडे हसले. आत कुणी हसलं का ते कळलं नाही.

शाळेत मी मॅडमना विचारून वर्गापुढं उभी राहिले. म्हटलं, चित्र माझं होतं, ते हसण्यासारखं नव्हतं, तुमच्याकडं असेल तर काढून टाका. राजवीर म्हणाला, प्रियदर्शनी महाराज की जय. झालं. संध्याकाळी माझाच स्टिकर आला. शिंगं कुणी काढली कोण जाणे, नुसती गाजरं उगवल्यासारखी दिसतायत. मला आता शिंगाडे म्हणतात. मी ओ देत नाही. मोना म्हणाली, तुझ्याजवळ बसलं तर मला पण म्हणतील, आणि ती पलीकडच्या रांगेत गेली. ती वाईट नाही आबा, भित्री आहे. पण मला ते गोड मानून घेता येईना, घरी येऊन रडले. मधली सुट्टी केवढी लांब असते हे मला आठवीत आल्यावर कळलं. डबा खाऊन होतो, हात धुऊन होतात, तरी घंटा होत नाही.

दानेश्वरी अजून येत नाही.

तुम्ही म्हणाल तर ही शाळा सोडून कोडोलीच्या शाळेत येते. राणी असेल सोबतीला.

प्रियू


कोडोली
१२ सप्टेंबर

चि. प्रियूस आबाचे आशीर्वाद.

एकटीच जेवालीस हे दोनदा वाचलं. तरी तुला इकडं बोलावणार न्हाय. राणीला सोबत नगं हाय, तिची आई हाय तिला. तू तिथंच बसायचं आणि जेवायचं. रडू आलं तर रडायचं, त्याला कुणाची परवानगी लागत न्हाय. मॅडमना ते गाजराचं चित्र दाव. सोसण्यात काय मोठेपणा न्हाय, सांगण्यात हाय. मोनावर दात धरू नगं, पर तिनं हाक मारायची वाट बी बघत बसू नगं.

त्या ‘मग’चं उत्तर तोंडी न्हाय देता यायचं. ते हळूहळू द्यायाचं असतंय. आक्काचं म्हणणं तसं हाय, आणि आक्काम्होरं माझं काय चालत न्हाय.

चुकलीस तवाबी तू आमचीच हुतीस. आता तर जास्तच.

आबा


कोडोली
१२ सप्टेंबर

चि. दानेश्वरी हिस कोडोलीच्या आकाराम आबाचे आशीर्वाद.

तू मला वळकत न्हाईस. प्रियदर्शनीचा मी आजा. पत्ता तिच्या आईकडनं घेतला.

तुला लिवायचं कारण असं, की ते चित्र कागदावर आलं ते माझ्यापायी. मला फोनातलं काय कळत न्हाय, म्हणून मी म्हटलं छापून धाड. त्यातलाच एक कागद पुढं फलकावर लागला आणि तुझ्या अप्पांच्या नजरंला पडला. माझ्या मनात तसं नव्हतं, पर झालं ते झालं. त्याबद्दल मी तुझी आणि तुझ्या अप्पांची माफी मागतो.

नातीला माफ कर म्हणून मी सांगणार न्हाय. ते तुझं तू ठरवायचं, आज ठरव न्हाईतर चार वर्षांनी ठरव. कुणी घाई केली तर मला कळीव, मी भोंगा म्हणून पंचक्रोशीत परशिद्ध हाय, हितनं वरडलो तरी तिथं ऐकू जाईल.

फकस्त एक वाटतंय. शाळा तुझी बी हाय. मी तो मूळ फोटो बघितला. पळत आलीस, थांबा म्हणालीस, कुणी थांबलं न्हाय, तरी तू फोटोत आलीसच की.

अप्पांना, अव्वांना, आजीला नमस्कार. उत्तर दिलंस तर वाट बघितल्याचं सार्थक, न्हाय दिलंस तरी राग न्हाय.

आकाराम आबा


कोल्हापूर
२८ सप्टेंबर

आबांस,
दानेश्वरीचा नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. अप्पांनी वाचलं आणि आजीला कानडीत सांगितलं. आजी म्हणाली, हा माणूस नक्की मोठ्यानं बोलत असणार, कागदातनंच कळतंय. तुम्ही माफी मागायला नको होती असं अप्पा म्हणतात. मला वाटतं, मागितलीत ते बरं केलंत.

मी शाळेत जायला लागले आहे. तुमच्या पत्रामुळं नाही हं, ते यायच्या आदल्याच दिवशी आमचं ठरलं होतं. आजी रोज सकाळी माझा डबा भरून दाराशी ठेवायची आणि दुपारी तोच मला घरात वाढायची. त्या दिवशी म्हणाली, तू घरी बसलीस म्हणून ती पोरं काय उभी राहिली असतील काय? उलट ऐसपैस बसली असतील. मला ते पटलं. एवढी जागा त्यांना कशाला द्यायची?

एकदोघं अजून ते नाव घेतात. मी वळून बघत नाही आणि लगेच मॅडमना जाऊन सांगते. मॅडम आता मधल्या सुट्टीत वर्गातच डबा खातात, त्यामुळं राजवीरला फार चांगलं वागावं लागतं. त्याचा चेहरा बघून मला दोन घास जास्त जातात.

तुमची नात पलीकडच्या कोपऱ्यात एकटी जेवायची. मी इकडच्या कोपऱ्यात एकटी. असे बरेच दिवस गेले. ती रोज एकदा माझ्याकडं बघायची आणि मी खिडकीकडं बघायचे. जवळ येऊन सारखं सॉरी सॉरी म्हणाली नाही, हे एक तिनं चांगलं केलं. एकदा तिच्या बाकावर कुणीतरी खडूनं शिंगं काढली होती. ती ओल्या रुमालानं पुसत होती. मला वाटलं होतं, तिचं असं झालेलं बघून मला बरं वाटेल. तेवढं काही वाटलं नाही.

आता परवाचं सांगते, त्यासाठीच हे पत्र. खेळाच्या तासाला सरांनी खो-खोचे दोन संघ पाडले. मी गडहिंग्लजला शाळेच्या संघात होते, हे इथं कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. आमच्याकडं पाठलाग आला. समोरच्यांची मोना पळत होती आणि ती पळते चांगली. मी तिला गाठत आणली, तेवढ्यात ती दोघींच्या मधनं सटकून पलीकडं गेली. मधली रेघ मला ओलांडता येत नाही, खो द्यावाच लागतो. आणि मोनाच्या बाजूला तोंड करून बसलेली जवळची एकच मुलगी होती, तुमची नात.

मी दिला. खो म्हणून ओरडले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. ठेवला म्हणजे हाणला. मुद्दाम हाणला, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. सर म्हणाले, अगं, खो द्यायचा असतो, धपाटा नाही. ती आमच्या घरी आली तेव्हाच्या ‘मग’शिवाय मी तोपर्यंत तिच्याशी काही बोलले नव्हते. ती उठली ती सुसाट सुटली आणि मोनाला खांबापाशी बाद केलं. सगळा संघ ओरडला, मी पण ओरडले. कुणाच्या नावानं ओरडतोय ते आधी माझ्या ध्यानातच आलं नाही.

परत येताना ती पाठ चोळत होती आणि हसत होती. मला म्हणाली, लई जोरात लागला. मी म्हटलं, डाव संपला नाही अजून, आधी नीट बस. ती लगेच बसली, पाठ ताठ करून.

आम्ही अजून मैत्रिणी नाही. डबा वेगवेगळाच खातो. पण काल ती डबा घेऊन माझ्याकडं एक बाक सरकून बसली आणि मी खिडकीकडं बघितलं नाही.

पत्राच्या शेवटी लोभ असू द्यावा असं लिहायचं असतं म्हणे. आपली ओळख नवी आहे, म्हणून सध्या थोडाच असू द्या. वाढेल हळूहळू.

दानेश्वरी विरूपाक्ष